परदेशी मजुरी आणि छोटा कारखानदार : मोंतेबेल्लूना व तिमिशोआरा यांच्या व्यवहाराचे एक विवेचन

आपल्या मालाचे काम आपल्याच गावी करावे की परदेशातील स्वस्त मजुरांकडून करवून घ्यावे, असा प्रश्न छोट्या कारखानदारापुढे उभा राहिला म्हणजे त्याचे उत्तर बहुधा एका वजाबाकीत शोधले जाते. येथील मजुरीचा ताशी दर अमुक, तेथील तमुक. फरक मोठा असला की काम तिकडे धाडावे. ही वजाबाकी चुकीची नाही, परंतु अपुरी आहे, आणि मोठ्या कारखान्यापेक्षा छोट्या कारखान्याच्या बाबतीत ती कितीतरी अधिक अपुरी आहे. असे का व्हावे याचा उलगडा करण्यास इटलीच्या ईशान्येकडील वेनेतो प्रांतातील पादत्राण-उत्पादकांचा इतिहास फार उपयोगी पडतो. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात या छोट्या कारखानदारांनी आपले शिवणकाम रुमानियाच्या पश्चिम सीमेजवळील तिमिशोआरा या शहरी नेले. त्या व्यवहाराचे फायदे लवकर दिसले. त्याची खरी किंमत उमगण्यास मात्र वीस वर्षे लागली.

काम तोडून बाहेर देण्यामागील मूळ तत्त्व जुनेच आहे. चार्ल्स बॅबेज याने 1832 साली प्रसिद्ध केलेल्या यंत्र व कारखानदारी यांच्या अर्थकारणावरील ग्रंथात असे दाखवून दिले होते की, कामाचे तुकडे पाडल्याने कारखानदाराला प्रत्येक तुकड्यासाठी नेमके लागेल तेवढेच कौशल्य विकत घेता येते. सोप्या कामासाठी कुशल कारागिराचे वेतन मोजावे लागत नाही. परदेशी काम देणे म्हणजे या तत्त्वाचा देशाच्या सीमेपलीकडे केलेला विस्तार होय. परंतु बॅबेजच्या विवेचनात कामाचे सर्व तुकडे एकाच छपराखाली होते. ते एकमेकांपासून दूर गेले की त्यांना पुन्हा जुळवण्याचा खर्च उत्पन्न होतो. रोनाल्ड कोस याने 1937 साली मांडलेला प्रश्न हाच आहे : बाजारात सर्व काही विकत मिळत असताना उद्योगसंस्था मुळात अस्तित्वात का असते? त्याचे उत्तर असे की, बाजारातून काम करवून घेण्यालाही खर्च पडतो. भाव ठरवणे, करार करणे, माल तपासणे, तंटे मिटवणे या साऱ्यांना पैसा आणि वेळ लागतो. हा खर्च मजुरीच्या दरपत्रकात कोठेही दिसत नाही.

मोंतेबेल्लूना हे त्रेविझो जिल्ह्यातील, आल्प्स पर्वताच्या पायथ्याशी वसलेले लहानसे गाव. डोंगरात चढण्यासाठी लागणारे जाड चामड्याचे बूट तयार करण्याचा धंदा तेथे एकोणिसाव्या शतकापासून चालत आला. 1954 साली के-टू शिखर सर करणाऱ्या इटालियन मोहिमेने वापरलेले बूट याच गावच्या कारखान्यातून गेले होते. पुढे बर्फावर घसरण्याच्या खेळाचा प्रसार झाला, आणि 1960 नंतरच्या दशकात चामड्याच्या जागी प्लॅस्टिकचे बूट आले, तेव्हा गावाने तेही तंत्र आत्मसात केले. मोठ्या नावांच्या दोन-चार संस्था आणि त्यांच्याभोवती शेकडो लहान कारखाने, अशी तेथील धंद्याची घडण होती. कोणी केवळ साचे बनवी, कोणी कलबूत म्हणजे पायाच्या आकाराचे ठोकळे कोरी, कोणी चामडे कापी, कोणी ज्याला या व्यवसायात ‘अपर’ म्हणतात तो बुटाचा वरचा भाग शिवून देई. हे शिवणकाम बहुतांशी स्त्रिया करीत, आणि त्यांतील पुष्कळ जणी घरी बसून नगावर मजुरी घेत. पाने व तंबाखू घरी नेऊन विड्या वळून देणाऱ्या स्त्रियांचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना या पद्धतीची कल्पना लगेच येईल. घरी काम करणाऱ्यांना संरक्षण देणारा इटलीचा कायदा 1973 सालचा आहे.

आल्फ्रेड मार्शल याने 1890 साली ज्या औद्योगिक परिसरांचे वर्णन केले, ज्या परिसरांत धंद्याचे मर्म जणू हवेतच भरलेले असते आणि मुले ते नकळत शिकतात, त्यांचे हे उत्तम उदाहरण होय. मार्शलची ही विस्मृतीत गेलेली कल्पना जाकोमो बेकात्तीनी याने 1979 साली पुन्हा पुढे आणली ती इटलीतील अशाच गावांच्या अभ्यासासाठी. या गावांतील कारखाने लहान राहिले याला कायद्याचेही एक कारण होते. 1970 सालच्या कामगारविषयक कायद्यातील अठराव्या कलमानुसार, अन्यायाने काढून टाकलेल्या कामगाराला पुन्हा कामावर घेण्याचे बंधन सर्वसाधारणपणे 15 हून अधिक कामगार असलेल्या कारखान्यांवरच होते. तेव्हा सोळावा कामगार नेमण्यापेक्षा शेजाऱ्याला काम देणे बरे, असा विचार पुष्कळांनी केला असल्यास नवल नाही. म्हणजे बाहेर काम देण्याची सवय या कारखानदारांच्या अंगवळणी आधीच पडलेली होती. प्रश्न फक्त अंतराचा होता.

ते अंतर ओलांडण्याची वेळ 1990 नंतर आली. इटलीचे चलन लिरा 1992 सालच्या सप्टेंबरात युरोपीय विनिमय यंत्रणेतून बाहेर पडले व त्याचे मूल्य झपाट्याने घसरले. या घसरणीने निर्यातदारांना काही वर्षे हात दिला. परंतु 1996 साली लिरा त्या यंत्रणेत परतले, आणि 1999 पासून एक युरो म्हणजे 1936.27 लिरा असा दर कायमचा गोठवण्यात आला. चलनाचे मूल्य उतरवून परदेशी बाजार राखण्याचा इटलीचा जुना उपाय येथे संपला, आणि उत्पादनखर्च कमी करण्याचा सारा भार कारखानदाराच्या अंगावर आला. त्याच सुमारास पूर्वेकडचे दरवाजे उघडले होते. रुमानियातील राज्यक्रांतीची ठिणगी 1989 सालच्या डिसेंबरात तिमिशोआरा येथेच पडली होती. रुमानियाने युरोपीय समूहाशी केलेला सहयोगाचा करार 1995 साली अमलात आला. कच्चा माल बाहेर पाठवून तयार माल परत आणल्यास केवळ परदेशात पडलेल्या मूल्यावरच जकात घेण्याची सवलत युरोपात अगोदरपासून होती. पुढे या करारान्वये औद्योगिक मालावरील जकाती टप्प्याटप्प्याने नाहीशाच झाल्या.

तिमिशोआराच का, हेही पाहण्यासारखे आहे. वेनेतोपासून हे शहर मालमोटारीने एक-दीड दिवसाच्या वाटेवर आहे. तेथे चामड्याच्या कामाची परंपरा होती. गुबान या नावाचा पादत्राणांचा कारखाना रुमानियात सर्वांच्या परिचयाचा आहे. शिवाय रुमानियन आणि इटालियन या दोन्ही लॅटिनच्या लेकी असल्यामुळे तेथील स्त्रीला इटालियन मुकादमाचे बोलणे थोड्या अवधीत कळू लागे. भाषेची ही जवळीक हिशेबाच्या वहीत लिहिली जात नाही, पण देखरेखीचा खर्च तिने किती कमी केला असेल याचा अंदाज कोणाही कारखानदाराला करता येईल.

आता मूळ वजाबाकीकडे वळू या. विषय स्पष्ट व्हावा म्हणून पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल कल्पिले आहेत. एका जोडाचे अपर शिवण्यास गावी 50 मिनिटे लागतात आणि कारखानदाराला ताशी 18 युरो खर्च येतो असे धरल्यास जोडामागे 15 युरो पडतात. परदेशी हात नवखे म्हणून 75 मिनिटे लागतात, परंतु ताशी खर्च 3 युरो. म्हणजे जोडामागे 3.75 युरो. फरक 11.25 युरोंचा. यातून दोन्ही बाजूंची वाहतूक 1.20, बिघडलेल्या मालाचे नुकसान 1.00 आणि वाटेत व गोदामात अडकलेल्या मालावरील व्याज व कागदपत्रे मिळून 0.55 युरो वजा केले तरी 8.50 युरो शिल्लक राहतात. येथवर वजाबाकी परदेशाच्या बाजूने ठाम उभी आहे. परंतु तेथे एक जाणकार मुकादम ठेवावा लागतो, त्याचे घरभाडे, हिशेबनीस, वकील, मालकाच्या वर्षभराच्या खेपा हे सर्व धरून वार्षिक 60,000 युरो खर्च येतो असे समजू. हा खर्च जोडांच्या संख्येवर अवलंबून नाही. वर्षाला 40,000 जोड करणाऱ्याला तो जोडामागे दीड युरो पडतो; 5,000 जोड करणाऱ्याला 12 युरो पडतो, म्हणजे त्याची सारी बचत खाऊन वर तोटा. 60,000 ला 8.50 ने भागले असता सुमारे 7,060 जोड हा आकडा येतो. याच्या खाली उत्पादन असणाऱ्याने गावीच शिवावे हे उत्तम.

मजुरीतील फरकाने होणारी बचत नगानगाने मिळते. अंतरामुळे होणारा खर्च मात्र एकगठ्ठा येतो. छोट्या कारखानदाराची अडचण या दोहोंच्या मेळात आहे. त्यातही त्याच्यापाशी सर्वांत दुर्मीळ असलेली वस्तू म्हणजे त्याचा स्वतःचा वेळ. मोठी संस्था परदेशी व्यवहारासाठी एक विभाग उघडते; छोट्या कारखान्यात नमुने ठरवणारा, गिऱ्हाइकाशी बोलणारा आणि बिघडलेले यंत्र पाहणारा मालक एकच असतो. तो आठवड्यातील दोन दिवस सीमेवरील जकात नाक्यावर घालवू लागला तर घरच्या कामात पडणारे खिंडार कोणत्याच खात्यात नोंदले जात नाही.

मग वर्षाला चार-पाच हजार जोड करणारेही तिमिशोआराला कसे गेले? ते एकेकटे गेले नाहीत, हे याचे उत्तर. आधी मोठे गेले. त्यांच्यामागून मालमोटारवाले, दुभाषे, हिशेबनीस, धागे व बकले विकणारे गेले. मोंतेबेल्लूना येथेच मुख्य कचेरी असलेल्या वेनेतो बँकेने रुमानियात व्यवहार करणारी एक बँक विकत घेतली. इटलीशी थेट विमाने सुरू झाली. वेनेतो प्रांतात सात जिल्हे आहेत. तिमिशोआराला लोक ‘आठवा जिल्हा’ म्हणू लागले, आणि त्रेविझोच्या नावाशी सांगड घालून ‘त्रेविझोआरा’ असे विनोदी नावही रूढ झाले. थोडक्यात, मार्शलने ज्यांना बाह्य बचती म्हटले त्यांचाच एक भाग हजार किलोमीटर दूर नेऊन मांडण्यात आला. एकट्याला न परवडणारा स्थिर खर्च समूहात विभागला गेला. मोंतेबेल्लूनाच्या छोट्या कारखानदारांनी हिशेब चुकीचा केला होता असे म्हणता येत नाही; समूहाच्या आधारावर तो बरोबरच होता.

चीनचा मार्ग त्यांच्यापैकी थोड्यांनीच धरला. चीन 2001 सालच्या डिसेंबरात जागतिक व्यापार संघटनेत दाखल झाला, आणि तेथील मजुरी तेव्हा रुमानियाहूनही कमी होती. परंतु समुद्रमार्गे माल येण्यास महिना लागतो, आणि एका नमुन्याचे हजारो जोड घेतल्याखेरीज तिकडचा कारखाना काम हाती घेत नाही. बर्फाच्या बुटांचा धंदा मोसमी. दुकानदारांच्या मागण्या हिवाळ्याच्या अखेरीस येतात आणि माल शरद ऋतूत दुकानात पोहोचावा लागतो. एखादा नमुना अनपेक्षितपणे खपू लागला तर तिमिशोआराहून आठवडाभरात आणखी जोड आणता येतात, चीनहून ते मोसम संपल्यावर येतात. सरकारी धोरणाचाही भरवसा नव्हता : 2006 साली युरोपीय संघाने चीनच्या चामडी पादत्राणांवर 16.5 टक्के व व्हिएतनामच्या पादत्राणांवर 10 टक्के जादा जकात बसवली, ती 2011 पर्यंत राहिली. 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे जहाजांना आफ्रिकेला वळसा घालून यावे लागले तेव्हा दूरच्या पुरवठ्यातील ही जोखीम पुन्हा दिसून आली.

या व्यवहाराची दुसरी बाजू रुमानियाची. तेथे या पद्धतीला ‘लोन’ म्हणतात. शब्द मूळ जर्मन, अर्थ वेतन. आणि नावात सर्व काही आले आहे. चामडे इटलीचे, नमुना इटलीचा, गिऱ्हाईक इटलीचे. रुमानियाचे फक्त वेतन. हजारो स्त्रियांना त्यामुळे काम मिळाले हे खरे, परंतु बूट कसा आखावा, कोणाला विकावा, हे ज्ञान त्यांच्याकडे आले नाही. जो देश केवळ मजुरी विकतो त्याच्या हाती ती मजुरी वाढल्यावर काहीच उरत नाही, अशी भीती तेथील टीकाकार व्यक्त करीत.

मजुरी वाढलीच. 2002 सालच्या जानेवारीपासून रुमानियन नागरिकांना पश्चिम युरोपात प्रवासासाठी प्रवेशपत्राची अट राहिली नाही, आणि 1 जानेवारी 2007 रोजी रुमानिया युरोपीय संघाचा सभासद झाला. आता तिमिशोआराच्या शिवणकर्तीला निवड होती : गावात राहून वेनेतोसाठी अपर शिवावे, की वेनेतोतच जाऊन वृद्धांची शुश्रूषा करावी. इटलीतील परदेशी नागरिकांत रुमानियन लोक आज संख्येने सर्वांत अधिक, दहा लाखांवर आहेत. काम मजुरांकडे गेले होते. मागाहून मजूर कामाच्या मूळ गावी आले, पण ते वेगळेच काम करू लागले. रुमानियातील कायदेशीर किमान मासिक वेतन 2007 साली 390 लेई, म्हणजे सुमारे 115 युरो होते. 2025 च्या आरंभी ते 4,050 लेई, म्हणजे सुमारे 810 युरो झाले. या दोन आकड्यांची तुलना सावधपणे करावी लागते, कारण 2018 पासून सामाजिक विम्याची बहुतेक वर्गणी मालकाकडून कामगाराकडे वळवण्यात आली आणि त्यामुळे वेतनाचा आकडा फुगला. ते वगळूनही मालकाला पडणारा खर्च युरोंत सुमारे पाचपट झाला.

वरील कल्पित उदाहरणात परदेशी मजुरीचा ताशी खर्च 3 ऐवजी 7 युरो धरून पाहावा. जोडामागे मजुरी 8.75 युरो, गावच्या मजुरीशी फरक 6.25, वाहतूक इत्यादी वजा जाता बचत 3.50 युरो. परदेशी मजुरी अजूनही घरच्या मजुरीच्या निम्म्याहून कमी आहे, तरी परवडण्याची मर्यादा 7,060 जोडांवरून 17,140 जोडांवर गेली. मजुरीतील फरक संपण्याच्या कितीतरी आधी छोट्या कारखान्याचा फायदा संपतो. मोठ्या कारखान्याला त्या वेळी काही जाणवतही नाही.

हिशेब उलटला तर काम परत आणावे, असे सहज म्हणता येईल. व्यवहारात तसे घडणे कठीण, कारण गेलेली वस्तू नुसती मजुरी नव्हती. प्लॅस्टिकचे कवच ओतणारी यंत्रे मोंतेबेल्लूनात टिकली. त्या कामात भांडवल अधिक व हात थोडे लागत असल्याने ते बाहेर नेण्यात हशील नव्हते. नमुने आखणारे, साचे करणारेही राहिले. गेले ते शिवणकाम. ज्या स्त्रिया ते करीत त्यांचे वय झाले, त्यांच्या मुली कचेऱ्यांत व दुकानांत लागल्या, आणि मार्शलच्या हवेतून धंद्याचे एक मर्म निघून गेले. जाड चामड्यावर वळणाने टाका घालण्याचे कसब कागदावर उतरवता येत नाही. ते शेजारी बसून शिकावे लागते, आणि शेजारी बसवणारी मागची पिढी नसेल तर ते कोणत्याही वेतनावर विकत मिळत नाही. बाहेर जाताना कारखानदाराने 15 युरोंशी 3.75 ची तुलना केली. परतताना त्याच्यापुढे 15 युरोंचा दर राहिलेलाच नसतो. शिवाय प्रत्येकाने हा निर्णय आपापल्या हिशेबाने घेतला होता. एकाने शिवणकाम बाहेर दिल्याने गावचे कसब नष्ट होत नाही. सर्वांनी दिल्याने होते, आणि तो तोटा कोणा एकाच्या वहीत मांडला जात नाही.

हे टाळण्याचा दुसरा एक मार्ग इटलीतच तोस्काना प्रांतातील प्रातो या कापडाच्या गावी दिसला. तेथे काम परदेशी न जाता परदेशी कामगारच गावी आले. 1990 च्या सुमारापासून चीनच्या वेन्झौ भागातील कुटुंबांनी तेथे शिवणकामाचे छोटे कारखाने काढले, आणि दोन-तीन आठवड्यांत फॅशन बाजारात आणणारा नवाच धंदा उभा राहिला. काम गावात राहिले, अंतराचा खर्च वाचला. परंतु स्वस्ताई टिकवण्यासाठी अनेक ठिकाणी कामगार कारखान्यातच राहत व झोपत. 1 डिसेंबर 2013 रोजी अशा एका कारखान्याला पहाटे आग लागून सात चिनी कामगार मृत्युमुखी पडले. परदेशी मजुरीचा दर देशी कायद्याच्या छायेत आणून बसवला म्हणजे तो दर टिकवण्यासाठी कायदाच बाजूला सारावा लागतो, हे या घटनेवरून दिसते.

वेनेतोची पुढची कथा थोडक्यात सांगता येईल. शिवणकामाचा काही भाग सर्बिया व मोल्दोवा या देशांत सरकला. आल्बानियात इटलीच्या पादत्राणांचे अपर शिवण्याचा मोठा व्यवसाय आहे, आणि तेथे त्याला फ्रेंच शब्दावरून ‘फासोन’ म्हणतात. समुद्रमार्गे इटलीचा किनारा तेथून एका रात्रीच्या अंतरावर आहे. ज्या बँकेने रुमानियाची वाट सुकर केली होती ती वेनेतो बँक अन्य कारणांनी डबघाईस येऊन 2017 साली बंद करण्यात आली. तिमिशोआरात आता मोटारींचे सुटे भाग व संगणकीय कामे यांचे प्रमाण वाढले आहे, आणि तेथील उद्योजकही शिवणकर्ती मिळत नाहीत अशी तक्रार करतात.